उथळ समुद्राचा गोंगाट कॉम्प्युटरवर कसा मांडायचा?

(आजच्या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना जिथे वाक्यं तुटली होती ती जोडली आहेत, बाकी जसं बोललो तसंच. आकडे लिहून हवेत असं बरेच जण म्हणतात, त्यांच्यासाठी हा मजकूर खास उपयोगाचा.)

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, तर एक सेकंद हेडफोन काढा आणि आजूबाजूचा आवाज ऐका. पंखा, रुळांची खडखड, कोणाचा तरी फोन, लांबून भोंगा. यातला एकही आवाज तुमच्यासाठी नाही, तरी तो आहे आणि तुम्ही जे ऐकायला बसलात त्यावर तो बसतो. या पार्श्वभूमीच्या आवाजाला इंग्रजीत अँबियंट नॉइज म्हणतात. आपण आज त्याला सरळ 'गोंगाट' म्हणू. आणि आजचा गोंगाट आहे समुद्राखालचा, त्यातही उथळ समुद्राखालचा.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेकला सिग्नल प्रोसेसिंगचा एक पेपर होता, तेवढीच माझी या विषयाशी जुनी ओळख. पण गेले काही महिने शनिवार-रविवार मी पायथनमध्ये एक छोटं मॉडेल लिहितोय. प्रश्न साधा आहे: कोकण किनाऱ्यासमोर ३० मीटर खोल पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, सोडला तर अमुक दिवशी अमुक वेळी किती आवाज ऐकू यायला हवा?

तुम्ही म्हणाल, माइक सोडायचा आणि मोजायचं, मॉडेल कशाला? त्याचं कारण असं. समजा एखाद्या किनाऱ्यावर मोठं बंदर यायचंय. जनसुनावणीत मच्छीमार म्हणतात, आवाजानं मासा पळणार. कंपनी म्हणते, समुद्र आधीपासूनच गोंगाटाचा आहे, आमच्यामुळे काय फरक पडतो? दोघांपैकी कोणाचं खरं, हे ठरवायला 'आधी किती होता' हा आकडा लागतो. तो एका दिवसाच्या रेकॉर्डिंगवरून मिळत नाही, कारण त्या दिवशीचा वारा, भरती, जवळून गेलेलं जहाज, सगळं त्यात मिसळलेलं असतं. ते वेगळं करायचं काम मॉडेल करतं. तर चला, पायरी पायरीने जाऊ.

आधी डेसिबलचा घोळ

पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल एक नाहीत. डेसिबल म्हणजे एका ठरलेल्या दाबाच्या तुलनेत किती, एवढंच. हवेत तो ठरलेला दाब २० मायक्रोपास्कल आहे, पाण्यात १ मायक्रोपास्कल. नुसत्या या फरकाने २६ डेसिबल वाढतात. शिवाय पाणी हवेपेक्षा खूप घट्ट, आवाजाचा वेगही तिथे चौपटीहून जास्त, म्हणून तेवढीच ऊर्जा वाहायला वेगळा दाब लागतो. त्याचे आणखी साधारण ३६. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने तुलना करायची तर पाण्यातल्या आकड्यातून ६२ वजा करा. 'जहाजाचा आवाज १८० डेसिबल, रॉकेटइतका!' असं फॉरवर्ड आलं, तर हे ६२ आठवा.

दुसरी गोष्ट, डेसिबलची साधी बेरीज होत नाही. ६१ आणि ६१ मिळून १२२ होत नाहीत, ६४ होतात. आणि ६१ मध्ये ५१ मिळवले तर होतात जेमतेम ६१.४. म्हणजे मोठा आवाज लहान आवाजाला गिळून टाकतो. मॉडेल लिहिताना हा मुद्दा कायम लक्षात ठेवावा लागतो. आधी डेसिबलवरून ऊर्जेत जायचं, तिथे बेरीज करायची, मग परत डेसिबलमध्ये यायचं.

आवाज करतं कोण?

चार मोठे गट धरू.

पहिला, वारा. वारा स्वतः पाण्याखाली ऐकू येत नाही, ऐकू येतात बुडबुडे. लाट फुटली की हवा पाण्यात कोंडली जाते आणि प्रत्येक बुडबुडा घंटेसारखा वाजतो. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३.३ किलोहर्ट्झला वाजतो, ३ मिलिमीटरचा १.१ ला. हे गणित मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्येच मांडलं. असे लाखो बुडबुडे एकत्र वाजले की तयार होतो तो सळसळता आवाज, काहीशे हर्ट्झपासून वीस-पंचवीस किलोहर्ट्झपर्यंत पसरलेला.

दुसरा, पाऊस. इथेही बुडबुडेच. गंमत म्हणजे साधारण १ मिलिमीटर व्यासाचा छोटा थेंब पाण्यात पडताना न चुकता एक बुडबुडा अडकवतो, म्हणून रिमझिम पावसाची खूण १५ किलोहर्ट्झच्या आसपास स्पष्ट दिसते. मुसळधार पाऊस मात्र सगळ्या पट्ट्यांत आवाज भरतो.

तिसरा, जहाजं. मोठ्या जहाजाच्या पंख्याभोवती पाणी अक्षरशः उकळल्यासारखं फुटतं, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. त्याचा जोर खालच्या पट्टीत, दहापासून काहीशे हर्ट्झपर्यंत. छोट्या होड्यांचा आवाज याच्या वर, किलोहर्ट्झमध्ये.

चौथा, जीव. गोबरे गाल फुगवून गाणारा मासा डोळ्यांसमोर आणू नका. घोळ, ढोमा हे ज्या कुळातले मासे, ते पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोल वाजवतात. घोळीचं जे बोत बाजारात एवढ्या भावाने जातं, तेच त्या माशाचं वाद्य. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी हायड्रोफोन ठेवून असे माशांचे आवाज नोंदवले आहेत. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे पिस्तूल कोळंबी. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगतो, कारण ती मॉडेलवाल्यांची खरी डोकेदुखी आहे.

पाचाचा नियम

या विषयातला पहिला मोठा टप्पा दुसऱ्या महायुद्धातला. पाणबुड्या शोधायच्या तर समुद्राचा स्वतःचा आवाज किती हे कळायला हवं. ती मोजमापं वापरून नुडसन आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये आलेख छापले. मग १९६२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गॉर्डन वेन्झने सगळं एका चित्रात आणलं: खालच्या पट्टीत जहाजं, मधे वारा, अगदी वर पाण्याच्या रेणूंचीच थरथर. आजही कुठल्याही पुस्तकात वेन्झचे आलेख दिसतात.

वेन्झने एक सोपा नियमही दिला. तो मला फार आवडतो, कारण फोनच्या कॅल्क्युलेटरवर चालतो. नियम वाऱ्याच्या गोंगाटाचा आहे, ५०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ या पट्टीसाठी:

– वारा ५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ९ किलोमीटर, असेल तर खोल समुद्रात १ किलोहर्ट्झला पातळी ५१ डेसिबल. (दर एक हर्ट्झच्या पट्टीतली पातळी, १ मायक्रोपास्कलच्या तुलनेत. वेन्झच्या काळच्या जुन्या मापात हाच आकडा २५ येतो, म्हणजे पाच पाचे पंचवीस.)
– वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ५ मिळवा.
– वारंवारिता दुप्पट केली की ५ वजा करा.
– समुद्र उथळ असेल तर ५ मिळवा.

करून बघू. उथळ समुद्र, वारा २० नॉट, वारंवारिता २ किलोहर्ट्झ. ५१ ने सुरुवात. ५ चे १०, १० चे २०, म्हणजे दोनदा दुप्पट, अधिक १०. एकाचे दोन किलोहर्ट्झ, उणे ५. उथळ, अधिक ५. उत्तर ६१. झालं तुमचं पहिलं मॉडेल! चार ओळींचा कोड.

आता खरा प्रश्न. ते शेवटचे 'उथळ असेल तर ५ मिळवा' आले कुठून? आणि सगळ्या उथळ समुद्रांना सारखेच ५ कसे चालतील? इथून पुढे सगळी गोष्ट त्या पाचाची आहे.

उथळ पाणी म्हणजे एक बोळ

मोकळ्या मैदानात ओरडलात तर आवाज चहूकडे पसरतो आणि लवकर विरतो. अरुंद बोळात ओरडलात तर दोन्ही भिंतींवर आपटत लांबवर जातो. उथळ समुद्र हा असाच बोळ. वरची भिंत म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग, खालची भिंत म्हणजे तळ.

आकड्यात बघा. एका मोठ्या मालवाहू जहाजाचा आवाज १ मीटरवर १८० डेसिबल धरू. आवाज गोलासारखा सगळीकडे पसरला तर १० किलोमीटरवर ८० डेसिबल कमी होतात, उरतात १००. पण पाणी ३० मीटरच खोल असेल, तर गोल थोड्याच अंतरात वर-खाली आपटतो आणि पुढे फक्त आडवा पसरतो. मग कमी होतात ५५ च्या आसपास, उरतात १२५. फरक २५ डेसिबलचा, म्हणजे ऊर्जेत तीनशे पटींहून जास्त.

अर्थात हे झालं भिंती परिपूर्ण असताना. पृष्ठभाग चांगला आरसा आहे. पण तळ कसा आहे यावर सगळं अवलंबून. पाण्यात आवाजाचा वेग आपल्या उबदार समुद्रात साधारण १५४० मीटर प्रति सेकंद. वाळूत तो जास्त असतो, १७०० धरू. आवाज जास्त वेगाच्या थरावर तिरका पडला की परततो, आणि या आकड्यांसाठी मर्यादा येते २५ अंशांची. तळाशी २५ अंशांपेक्षा कमी कोनात आलेला आवाज वाळूवरून परत वर येतो, जास्त उभा आलेला आवाज वाळूत शिरतो आणि संपतो.

आणि चिखल? मऊ गाळात आवाजाचा वेग पाण्याइतकाच किंवा थोडा कमीच असतो. मग हा मर्यादेचा कोनच उरत नाही, खालची भिंत गळकी होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नेमकी हीच गंमत आहे. भूगोलाच्या पुस्तकातली 'समुद्रबूड जमीन' आठवते? मुंबईसमोर ती फार रुंद आहे. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत असूनही तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपासच आहे. या पट्ट्यात किनाऱ्याजवळ बराचसा गाळ, आणि बाहेरच्या भागात जुनी शंखशिंपल्यांची वाळू. शिवाय किनाऱ्याजवळच्या गाळात काही ठिकाणी मिथेन वायू कोंडलेला आहे, आणि चिखलातले वायूचे बुडबुडे आवाज आणखी वेगळ्याच पद्धतीने खातात.

म्हणजे एकाच वाऱ्यात, एकाच खोलीवर, वाळूवर ठेवलेला हायड्रोफोन लांब लांबच्या लाटाही ऐकेल, आणि चिखलावरचा हायड्रोफोन जवळजवळ फक्त डोक्यावरच्या. वेन्झचे ते सरसकट पाच इथे फुटतात. दोन ठिकाणांची पातळी वेगळी येते आणि आवाज येण्याची दिशाही वेगळी येते.

९०० भागिले खोली

बोळाचा आणखी एक नियम आहे. फार लांब लाट या बोळात मावतच नाही. तंबोऱ्याची तार जशी ठराविक सुरांतच वाजते, तसं या पाण्याच्या थरात आवाज ठराविक आकारांतच पुढे जातो. या आकारांना मोड म्हणतात. पहिला मोड बसण्याइतकीही खोली नसेल, तर तो आवाज लांब जात नाही, तळात झिरपतो.

वर घेतलेल्या वाळूच्या तळासाठी गणित करून एक सोपं सूत्र निघतं. ९०० ला खोलीने, मीटरमध्ये, भागा. जो आकडा येईल त्याच्या खालचे हर्ट्झ तिथे लांब जात नाहीत. ३० मीटरला ३० हर्ट्झ. १० मीटरला ९० हर्ट्झ. ७५ मीटरला फक्त १२.

हे का महत्त्वाचं? युरोपीय संघाच्या सागरी धोरणात जहाजांच्या गोंगाटावर लक्ष ठेवायला ६३ आणि १२५ हर्ट्झ या दोन पट्ट्या निवडल्या आहेत. मोठ्या जहाजांसाठी, बऱ्यापैकी खोल पाण्यात हे बरोबर आहे. पण १० मीटर पाण्यात ६३ हर्ट्झ तर मर्यादेच्या खाली गेला! म्हणजे तिथे मीटर ६३ वर लावून बसलात, तर दिवसभर बोटी ये-जा करतील आणि अहवालात समुद्र शांत दिसेल. आवाज असेल, पण वरच्या पट्टीत, जिथे कोणी बघितलंच नाही. कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी मोजमाप करायचं तर पट्ट्या आपल्या खोलीप्रमाणे निवडायला हव्यात.

आणि खोली तरी कुठे एक आहे? मुंबईच्या बाजूला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. ओहोटीला ८ मीटर पाणी असेल तर मर्यादा ११२ हर्ट्झ, भरतीला १२ मीटर झालं तर ७५. म्हणजे १०० हर्ट्झचा आवाज भरतीत आत येतो आणि ओहोटीत येत नाही. तेच जहाज, तोच पंखा.

आता कोड

माझं मॉडेल चार भागांचं आहे, आणि व्यावसायिक मॉडेलंही साधारण याच वळणाची असतात.

पहिला भाग, नकाशा. समुद्राची खोली जेबको नावाच्या जागतिक, मोफत डेटावरून मिळते, साधारण साडेचारशे मीटरला एक बिंदू. किनाऱ्याजवळ तो फार भरवशाचा नाही. तिथे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे बरे. तळ कसला आहे ही माहिती सगळ्यात अवघड, आणि वर बघितलं तसं सगळ्यात महत्त्वाची.

दुसरा भाग, उगम. वाऱ्यासाठी युरोपच्या हवामान केंद्राचा ईआरए५ डेटा, तासागणिक. जहाजांसाठी एआयएस, म्हणजे जहाजं स्वतःची जागा आणि वेग रेडिओवर सांगत असतात तो सिग्नल. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांच्या वरच्या जहाजांना तो सक्तीचा आहे. छोट्या होड्या मात्र त्यात दिसतीलच असं नाही. आपल्या किनाऱ्यावर ही मोठी फट आहे, कारण इथे जवळच्या पाण्यात गर्दी त्यांचीच.

तिसरा भाग, प्रवास. प्रत्येक उगमापासून हायड्रोफोनपर्यंत किती डेसिबल गळाले? त्यासाठी तयार प्रोग्राम आहेत. बेलहॉप आवाजाला किरणासारखं सोडतो, क्रॅकन मोड मोजतो. बेलहॉप पायथनमधून चालवायला सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचं आर्लपाय हे मोफत पॅकेजही आहे. कोणता कधी? १०० हर्ट्झच्या आवाजाची लांबी साधारण १५ मीटर. ३० मीटर पाण्यात ती जेमतेम दोनदा मावते, मोडही दोनच बसतात. तिथे 'किरण' ही कल्पनाच लंगडी पडते, मोड वापरा. किलोहर्ट्झच्या वर गेलात की मोड वाढत जातात, १ किलोहर्ट्झला सोळा-सतरा, आणि आणखी वर गेलात की किरण सोयीचे होतात.

वाऱ्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. प्रत्येक लाट वेगळी मोजणं अशक्य. १९८० मध्ये कुपरमन आणि इंजेनिटो यांनी दाखवलं की पृष्ठभागाच्या जरा खाली आवाज करणाऱ्या बिंदूंची एक सलग चादर पसरली आहे असं माना, प्रत्येक बिंदू आपल्या मनाने वाजतो, आणि मग त्या सगळ्यांचा प्रवास मोडने मोजून बेरीज करा. उथळ समुद्राच्या गोंगाटाची बरीचशी मॉडेलं आजही याच कल्पनेवर उभी आहेत.

चौथा भाग, बेरीज. ऊर्जेत, डेसिबलमध्ये नाही. सांगितलं मघाशी.

या सगळ्यात पाण्याचं तापमानही येतं. वरचं पाणी तापलं की तिथे आवाजाचा वेग वाढतो, आणि आवाज नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळतो, म्हणजे खाली, तळाकडे. तळावर जास्त वेळा आपटला की जास्त गळतो. १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाला कळेना की सकाळी नीट चालणारं सोनार दुपारी का आंधळं होतं. माणसांना दोष देऊन झाला, शेवटी कारण निघालं उन्हाने तापलेला वरचा थर. आपल्या एप्रिल-मेच्या समुद्रात हा परिणाम मॉडेलमधून वगळून चालत नाही.

कोळंबी सरासरी बिघडवते

आता ती पिस्तूल कोळंबी. बोटभर सुद्धा नसते. एक नांगी मोठी, ती इतक्या झटकन मिटते की पाण्याची धार उडून एक बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा कोसळताना 'टक्' असा आवाज होतो. आवाज नांगी आपटल्याचा नाही, बुडबुडा फुटल्याचा, हे २००० मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने सिद्ध झालं. उबदार, उथळ, दगड-प्रवाळ असलेल्या पाण्यात त्या हजारोंनी असतात, आणि एकत्र ऐकलं तर तव्यावर काहीतरी तडतडतंय असं वाटतं. दोन किलोहर्ट्झपासून शंभरच्या वरपर्यंत.

मॉडेलला अडचण काय? बेल कर्व्ह. वारा म्हणजे असंख्य छोट्या आवाजांची बेरीज, तो बेल कर्व्हमध्ये नीट बसतो. कोळंबीचा आवाज म्हणजे अधूनमधून येणारे प्रचंड टोकदार ठोके. बेल कर्व्ह म्हणतो, असा ठोका जवळजवळ अशक्य. कोळंबी म्हणते, हा घे. आयटीवाल्यांना लगेच समजेल: सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास असतो, आणि तरी काही युजर दहा सेकंद ताटकळत असतात. म्हणून आपण पर्सेंटाइल बघतो. इथेही तेच. 'सरासरी इतके डेसिबल' असं सांगण्यापेक्षा निम्मा वेळ किती आणि सगळ्यात गोंगाटाच्या दहा टक्के वेळात किती, असे दोन-तीन आकडे सांगायचे. पाण्याखालून डेटा पाठवणारे मोडेम बनवणाऱ्यांना तर या ठोक्यांसाठी वेगळं गणितच वापरावं लागतं.

जून-जुलैची परीक्षा

कोकणासाठी एक खास गोष्ट. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ट्रॉलर बंदरात, इंजिनं बंद. म्हणजे समुद्र शांत? उलट याच दोन महिन्यांत वारा आणि पाऊस सगळ्यात जास्त! मेमध्ये केलेलं रेकॉर्डिंग आणि जुलैमधलं रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं, तर काही पट्ट्यांत जुलैच जास्त गोंगाटाचा निघू शकतो. त्यावरून कोणी म्हणालं की 'बघा, बोटींचा काही फरकच पडत नाही', तर ते साफ चूक ठरेल.

मॉडेलची खरी परीक्षा इथे होते. वारा आणि पाऊस माहीत आहेत, त्यांचा वाटा मॉडेलने मोजून बाजूला काढला, तर जे उरतं ते बंदीच्या आधी आणि नंतर ताडून बघता येतं. दर वर्षी समुद्र आपल्याला एक फुकटचा प्रयोग करून देतो: हजारो इंजिनं ठरलेल्या तारखेला बंद, ठरलेल्या तारखेला सुरू. त्यासाठी फक्त मे ते ऑगस्ट सलग हायड्रोफोन पाण्यात हवा.

मग यात अडकलंय काय?

अडकलंय ऐकू येण्याचं अंतर. डॉल्फिनची शिट्टी, माशाचा ढोल, हे सगळं गोंगाटाच्या वर राहिलं तरच दुसऱ्यापर्यंत पोचतं. मोकळ्या खोल पाण्यात गोंगाट ६ डेसिबलने वाढला तर हाक पोचण्याचं अंतर निम्मं होतं. उथळ पाण्याच्या बोळात, जिथे आवाज फक्त आडवा पसरतो, तिथे तेच ६ डेसिबल अंतर पाव करून टाकतात. दोन किलोमीटरवर पोचणारी हाक अर्ध्या किलोमीटरवर संपते. गणित आदर्श आहे, खऱ्या तळावर आकडा बदलेल, पण दिशा हीच. ज्या बोळामुळे आवाज लांब जातो, त्याच बोळात थोडा जास्तीचा गोंगाट जास्त महाग पडतो.

आणि आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारा हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासेही त्याच वर्गात, आणि ओमानजवळच्या अभ्यासात त्यांची संख्या शंभराच्या आतच धरली गेली होती. त्यांना दुसरीकडे जा म्हणायला दुसरीकडे काही नाही.

बंदर व्हावं की नाही, हा वाद मी इथे सोडवणार नाही. वाढवणला होणाऱ्या मोठ्या बंदराबद्दल डहाणूकडच्या मच्छीमारांची आणि सरकारची मतं तुम्ही बातम्यांत ऐकली असतीलच. मी इंजिनिअर म्हणून एवढंच म्हणेन: नवीन रिलीज टाकण्याआधी आपण जुन्या सिस्टिमचे आकडे घेऊन ठेवतो. नाहीतर नंतर 'आधीपासूनच स्लो होतं' म्हणणाऱ्याला काय उत्तर देणार? कुठल्याही किनाऱ्यावर पहिला खांब ठोकायच्या आधी किमान एक वर्षभराचं, चारही ऋतूंचं, भरती-ओहोटीसकट मोजमाप, आणि त्याला जुळवून घेतलेलं मॉडेल हवं. खांब ठोकायला लागल्यावर ते 'आधी' परत मोजता येत नाही.

आपल्याकडे हे करू शकणाऱ्या संस्था आहेत. गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, कोचीची नौदलाची प्रयोगशाळा आणि तिचं सागरध्वनी हे जहाज. संरक्षणाशी जोडलेला डेटा बाहेर येणार नाही हे उघड आहे. पण मासे आणि डॉल्फिन यांच्यासाठी लागणारं मोजमाप गुपित असायचं कारण नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

फोनवर हवामानाचं अ‍ॅप उघडा, तुमच्या जवळच्या किनाऱ्याचा वारा नॉटमध्ये बघा. पाचाचा नियम लावा, १ किलोहर्ट्झचा आकडा काढा. मग तिथली खोली शोधा आणि ९०० ला तिने भागा. दोन्ही उत्तरं आणि ठिकाणाचं नाव मला पाठवा. सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत, आणि पुढे पणजी-काणकोणपर्यंत, जेवढी ठिकाणं येतील तेवढ्यांचा मी एक नकाशा करतो. आकडे ढोबळ असतील, पण एकाच दिवशी किनारा किती बदलतो ते दिसेल. आणि तुमच्या ओळखीत कोणी कोळी बांधव असतील, तर त्यांना एक विचारा: तिथला तळ रेताड आहे, खडकाळ आहे की चिखलाचा? जाळं टाकणाऱ्याला ते पाठ असतं, आणि माझ्या मॉडेलला नेमकी तीच माहिती कमी पडतेय.

पुढच्या भागात याच गोष्टीची उलटी बाजू: नुसता गोंगाट ऐकून तळ कसला आहे हे ओळखता येतं का? येतं, कसं ते सांगतो. तोवर काळजी घ्या, हेडफोनचा आवाज जरा कमी ठेवा. भेटू!